प्रणिता, 'फलक' आणि आत्याची सही

प्रणिता,

तू गेल्याची बातमी आमच्या पेपरात आतल्या पानावर आली, एका कॉलमात. लिहिली डेस्कवरच्या एका नवख्या मुलीनं, तपासली मी. तिनं मथळा दिला होता, 'पत्रकारिता मुकली एका धारदार लेखणीला'. मी तो काढून साधा 'निधन' एवढाच ठेवला. तिला वाटलं जागा कमी पडली असेल. मी तसं वाटू दिलं. खाली वय, गाव, मागे पती, मुलगी, आई, दोन भाऊ, सगळं बिनचूक होतं. पान छपाईला सोडलं आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. रडू येत नव्हतं. लाज वाटत होती. तुझ्या बाबतीत मला आधी लाज वाटते, बाकीचं मागाहून येतं. ही सवय जुनी आहे.

त्या लाजेतलं निम्मं तुला ठाऊक होतं. उरलेलं निम्मं मलाच गेल्या रविवारी कळलं. ते सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि तू तर नाहीस.

तुझी नोटीस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कॉलेजात येऊन पंधरवडाही झाला नसेल. लायब्ररीच्या बाहेरच्या काचेच्या पेटीत कोपऱ्यात लावली होती. 'लिहिता येतं का? येत नसेल तरी या. वृत्त मंडळ, जिमखान्याच्या जिन्याखाली.' त्या दिवसांत अख्खं शहर कॉम्प्युटरच्या मागं लागलं होतं. कॉलेजच्या भिंतीवर क्लासच्या जाहिराती इतक्या की भिंत दिसायची नाही. ज्याला त्याला सी प्लस प्लस शिकून अमेरिकेला जायचं होतं. जे गेले होते ते परत आल्यावर राहणार म्हणून फ्लॅट बांधले जात होते, आणि ते फ्लॅट विश्रांतवाडीच्या पुढं, आमच्या शेतात उभे राहत होते. मला ना कॉम्प्युटर येत होता ना अमेरिका. 'येत नसेल तरी या' ही सगळ्या भिंतींवरची एकच ओळ मला उद्देशून होती.

जिन्याखाली वाकून आत शिरावं लागायचं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, पोटमाळ्यासारखं उतरतं छत आणि सहा-सात जण. दर शुक्रवारी बदलणारं 'फलक' हे भित्तिपत्रक आणि महिन्याचा चार पानी छापील अंक, एवढा तुमचा संसार. तू दुसऱ्या वर्षाला होतीस आणि संपादक होतीस. नव्यांना एकच परीक्षा. गेटसमोरच्या टपरीवर जाऊन तासभर उभं राहायचं, जे ऐकू येईल ते लिहून आणायचं.

मी आणलं. एक रिक्षावाला दुसऱ्याला सांगत होता ते जसंच्या तसं. कौस्तुभनं ते मोठ्यानं वाचलं. कौस्तुभ सदाशिव पेठेतला, शब्द तोलून बोलणारा. 'त्यो म्हनला, हितं रस्ता हाय का खड्डं हायती त्येच कळंना.' त्यापुढचं वाक्य माझं होतं, पण त्यातही 'व्हता' आणि 'म्हनून'. कौस्तुभनं कागद खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "बातमी उत्तम आहे. आता कोणीतरी ती मराठीत आणा."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. कानशिलं तापली होती. गावाकडं आम्ही जे बोलतो ते मराठी नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तू हसली नाहीस. पण माझी समजूतही काढली नाहीस. कागद ओढून घेतलास आणि म्हणालीस, "कौस्तुभ, रिक्षावाला 'हाय' म्हणाला असेल तर 'हाय'च छापायचं. आणि नवनाथ, तुझ्या वाक्यात 'होता' लिही. त्याचं बोलणं त्याचं, तुझं तुझं. दोन्हींची सरमिसळ करायची नाही." नंतर टपरीवर चहा घेताना तू सांगितलंस, "मी अकोटची. आमच्याकडे मले-तुले चालतं. इथं आले तर वर्षभर तोंड उघडलं नाही, फक्त मान हलवायची. तुला तेवढी सवड नाही. शुक्रवारी फलक बदलतो."

माझी भीड अशी एका वाक्यात गेली. म्हणजे गेली नाही, पण तिला घेऊन काम करता येतं हे कळलं. तुझ्या हाताखाली मी जे शिकलो त्यावर आजवर पोट भरतो आहे. येरवड्याच्या एका सोसायटीतल्या रखवालदारावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्याचं आडनाव मी अंदाजानं घातलं होतं. तू विचारलंस, "त्यानं सांगितलं की तुला वाटलं?" तू मला भर उन्हात परत येरवड्याला पिटाळलंस. मी कुरकुरलो तर म्हणालीस, "त्याचं नाव जन्मात एकदाच छापून येणार आहे. ते तरी बरोबर छापू या." मी गेलो. आडनाव खरंच चुकलं होतं. आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच वाक्य ऐकवतो आणि त्यांना वाटतं ते माझं आहे.

मग ती मोटारसायकल. लालभडक, नवी कोरी. तू सायकलला कुलूप लावत होतीस आणि मी तिच्यावरून उतरलो.

"कोणाची गाडी?"

"आमचीच."

"घरचे काय करतात?"

"शेती."

"किती आहे?"

"होती," मी म्हणालो.

तू कुलूप लावायची थांबलीस. दुसऱ्या कोणी ते ऐकलंही नसतं. मी तुला सगळं सांगितलं. आमच्या आळीतल्या बहुतेकांनी बिल्डरला जमीन दिली होती. नाना, म्हणजे माझे वडील, त्यात पहिल्या काहींतले. पैसे आले, एक फ्लॅटही मिळणार होता, घरात रंगीत टीव्ही आला, मला गाडी आली. तू ऐकत होतीस आणि मी बोलायचा थांबल्यावर एवढंच विचारलंस, "तुझ्या वडलांना बहिणी आहेत?"

"एक आहे. हिराआत्या."

"तिचा वाटा?"

मला उत्तर माहीत होतं. ते कधी प्रश्न म्हणून माझ्यासमोर आलं नव्हतं, इतकंच. आमच्याकडं सगळ्यांच्या बहिणींनी केलं तेच आत्यानं केलं होतं. जीप पाठवून तिला आणलं, कचेरीत नेलं, हक्क सोडल्याच्या कागदावर तिनं सही केली. दुपारी पुरणपोळीचं जेवण, संध्याकाळी नवी साडी, आणि जीपनं परत. मी स्वतः जीपमध्ये तिच्या शेजारी बसलो होतो. तिनं साडीची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"माझ्या आईलाही चार भाऊ आहेत," तू म्हणालीस आणि सायकलचं कुलूप लावलंस. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या अंकासाठी तू तोच विषय धरलास. गावं शहरात येताहेत, जमिनी जाताहेत, त्यात बहिणींचं काय? कौस्तुभ म्हणाला, कॉलेजच्या अंकात हे कोण वाचणार. तू म्हणालीस, "ज्यांच्या घरात घडलं ते." तुला बोलणारी बाई हवी होती. आमच्या गावातल्या बायांनी दारं लावून घेतली. तेव्हा मीच म्हणालो, माझ्या आत्याकडं चल. मला वाटत होतं, आत्या बोलेल, तू लिहिशील, आणि माझ्या पोटातलं जे काही होतं ते हलकं होईल.

आत्या खडकवासल्याला दिलेली. मामा, म्हणजे तिचे यजमान, अंथरुणाला खिळलेले. ती धरणाच्या काठी हातगाडीवर कांदाभजी तळायची, सुट्टीच्या दिवशी पुण्याची माणसं फिरायला येतात त्यांच्यासाठी. आपण आडवारी गेलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तिनं मला बघितलं आणि हात पदराला पुसत पुढं आली. "आरं माज्या सोन्या! आणि ही पावणी कोण?" मी सांगितलं, कॉलेजातली आहे, वऱ्हाडाकडची, हॉस्टेलात राहते. तू वाकून नमस्कार केलास. तिनं लगेच कढई तापत ठेवली. तू हातगाडीच्या कडेला एका डब्यावर बसलीस, मी आत्याच्या अगदी समोर, स्टुलावर.

तू किती हळू विचारत गेलीस! सासर, मामांचं दुखणं, मुलं. मग जमिनीकडं आलीस.

आत्या भजी सोडत म्हणाली, "माज्या भावानं मला काय कमी केलं न्हाय. जीपनं नेलं, जीपनं आनलं. साडी घेतली, पोटभर वाढलं. म्हायेर तुटलं न्हाय, ह्येच लई हाय."

"वाटा मागावा असं मनात आलं नाही, आत्या?"

"न्हाय बया. सोताच्या खुशीनं सही केली मी. भावाचं चांगलं ते आपलं चांगलं."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "गाडी लई झ्याक हाय रं. नीट चालवीत जा, बाबा."

मी खिशात हात घातला. तिनं पैसे घेतले नाहीत. उलट निघताना तुझ्या हातात कागदात बांधलेली भजी दिली, "हॉस्टेलात खा."

मंडळाच्या खोलीत परत आल्यावर आपलं भांडण झालं. आपलं सगळ्यात मोठं भांडण. खरं तर ते कधी संपलंच नाही.

मी म्हणालो, "ती खोटं बोलतेय."

"कशावरून?"

"मला दिसतंय ना! तिचा नवरा झोपून आहे, ती भजी तळतेय, आणि आम्ही..."

"तुला दिसतंय ते तुझं. तिनं सांगितलं ते तिचं. ती शहाणीसुरती बाई आहे, नवनाथ. ती म्हणतेय खुशीनं केलं. तिला काही कळत नाही असं ठरवणारे आपण कोण?"

"म्हणजे माझ्या वडलांना सोडून देणार?"

"मी कोणाला धरतही नाही, सोडतही नाही. ती जे बोलली ते छापणार."

आणि तू तेच छापलंस. आत्याचं नाव न घालता, तिच्या बोलीत, तिच्या शब्दांत. 'सोताच्या खुशीनं सही केली मी.' एकही विशेषण नाही. ते वाचून मला तुझा संताप आला. मी पुढच्या अंकासाठी माझ्या नावानं लेख लिहिला, 'माझी मोटारसायकल'. ती गाडी कुठून आली ते सगळं. तू तो दोनदा वाचलास. म्हणालीस, "चांगला आहे. खरा आहे. फक्त शेवटचा परिच्छेद काढ." त्यात मी लिहिलं होतं, 'माझ्या आत्याला लुबाडलं गेलं आणि तिला ते कळलंही नाही.'

"काहून काढू?" मी मुद्दाम तुझ्या बोलीत विचारलं. तू हसली नाहीस.

"कारण ही तुझी लाज आहे. तेवढी लिही. आत्याला तीत ओढू नको. तिनं तुला परवानगी दिलेली नाही."

आपण दोन दिवस भांडलो. शेवटी तू थकून म्हणालीस, "नाव तुझं आहे, घर तुझं आहे. छाप." पाच वर्षांत, दहा वर्षांत जेव्हा जेव्हा तो विषय निघाला, तू एवढंच म्हणायचीस, "तिथं मी ठाम राहायला पाहिजे होतं." चूक तू स्वतःकडं घ्यायचीस. मला त्याचीच जास्त लाज वाटायची.

अंक गावात पोचला. आमच्या आळीतली एक मुलगी आपल्याच कॉलेजात होती. नानांनी तो ओट्यावर बसून वाचला, सावकाश, ओठ हलवत. मग घडी घालून माझ्या हातात दिला. "खोटं काय न्हाय लिवलंस," ते म्हणाले. "पर घरातलं व्हतं." एवढंच. मी गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं कॉलेजला येऊ लागलो. नानांनी किल्ली उचलली नाही, मीही नाही. गाडी गंजत गेली.

त्याच आठवड्यात आत्या आली. कोणी आणली नव्हती, दोन बसा बदलून एकटी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. अंगणातूनच म्हणाली, "मी भिकारीन हाय का रं, नवनाथ? मला काय कळत न्हाय व्हय? समद्या गावातल्या बाया माजी कीव करीत्यात आता. 'हिराला लुटलं, हिराला लुटलं.' भावाच्या दारात कंच्या तोंडानं येऊ मी?" आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही.

त्या दिवाळीला ती आली नाही. पुढच्याही नाही. भाऊबीजेला नाना ओवाळणीचं ताट रिकामं बघून उठून शेताकडं जायचे, म्हणजे पूर्वी शेत होतं तिकडं. प्रणिता, तिनं जमीन सोडली होती ती माहेर टिकावं म्हणून. तिच्याकडून जमीन नानांनी घेतली, आणि माहेर मी घेतलं.

मी हे तुला रडत सांगितलं. तू म्हणालीस, "तुमच्या वरच्या आळीतल्या कुसुमनं सही करायचं नाकारलं, ऐकलंस का? अंक वाचून. भावांना वाटा द्यावा लागला." मी म्हणालो, मला त्याचं काही नको. तू म्हणालीस, "दोन्ही झालंय. एक घेतलं तर दुसरंही घ्यावं लागेल." तू धीर द्यायचीस तो असा. त्यात माया असायची, ती कळायला मला वेळ लागायचा.

तू पदवी घेऊन एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक म्हणून लागलीस, तेव्हा आपल्या सगळ्या मंडळानं टपरीवर जिलबी वाटली. कौस्तुभसुद्धा म्हणाला, "पेपराचं भलं झालं. तुझं काय होतं ते बघू." त्याचं बोलणं खरं ठरलं. वर्ष भरायच्या आत तू नोकरी सोडलीस. तुझे वडील गेले होते, धाकटे दोघं भाऊ शिकत होते, आणि पेपरच्या पगारात पुण्यात तुझंच भागत नव्हतं. एका सॉफ्टवेअर कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम कसे वापरायचे याच्या पुस्तिका लिहायचं काम होतं. इंग्रजीत. तुला ते मिळालं.

तुझी जागा रिकामी झाली आणि काही महिन्यांनी तिथं मी आलो. त्याच डेस्कवर, त्याच खुर्चीत. खुर्चीचा एक हात सैल होता, तो तू सुतळीनं बांधला होतास. पगार तोच. पण मला भागवावं लागत नव्हतं. माझ्यामागं विकलेली जमीन होती, आयता फ्लॅट होता. मी तत्त्वाच्या गोष्टी करू शकत होतो, कमी पगारात राहू शकत होतो, संपादकाशी भांडू शकत होतो. ज्या पैशाविरुद्ध मी लिहिलं त्याच पैशावर मी पत्रकार झालो. आणि माझ्यापेक्षा किती तरी चांगली पत्रकार 'पुढच्या पडद्यावर जाण्यासाठी येथे दाबा' असं लिहीत बसली. हे मी तुला कधी नीट बोललो नाही. फक्त तुला बघितलं की माझा चेहरा तसा व्हायचा, आणि तुला तो चेहरा आवडायचा नाही.

वर्षं गेली. तुझं लग्न, तुझी मुलगी, माझं लग्न, नाना गेले. नानांच्या दहाव्याला आत्या आली आणि मग येत राहिली. झालेल्या गोष्टीवर आम्ही बोललो नाही. तू कंपनीत खूप वर चढलीस. आपण भेटायचो वर्षातून एक-दोनदा, आणि भेटलो की पहिल्या पाच मिनिटांत वाद.

आपली शेवटची भेट तुझ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये झाली. मी तिकडं एका बातमीसाठी आलो होतो. तू डोक्याला रुमाल बांधला होतास. मी विचारलं तर म्हणालीस, "एसी लागतो फार." ट्रेमध्ये पोळी-भाजी घेऊन आपण बसलो. खिडकीतून खाली काचेच्या इमारतीच इमारती दिसत होत्या. मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "प्रणिता, तू इथं वाया गेलीस."

तू घास खाली ठेवलास.

"काय बोलून राहिला तू?" तुझी बोली फक्त रागात बाहेर यायची. "मी लिहिते तसं लोक रोज करतात. इथं दाबा म्हटलं की दाबतात. तुझा अग्रलेख वाचून आजवर कोणी काय दाबलं?"

मी हसलो. तू नाही.

"तू आत्याचं केलंस तेच आता माझं करतोयस. मला लुबाडलं गेलं आणि मला कळलं नाही, असंच ना? मला हे काम आवडतं, नवनाथ. अवघड गोष्ट साध्या वाक्यात सांगायची, यात काय कमीपणा? माझे भाऊ शिकले, आईला घर झालं, आणि मी सुखात आहे. मी सांगतेय ना? मग लिहून घे की."

"घेतलं लिहून," मी म्हणालो.

"नाही घेतलंस. तुझ्या तोंडावर दिसतंय."

मग तू विषय बदललास. माझ्या मुलाचं विचारलंस, कौस्तुभ अमेरिकेतून परत येतोय ते सांगितलंस. लिफ्टपर्यंत सोडायला आलीस. आपण परत भेटलो नाही.

तुझा आजार तेव्हा वर्षभराचा जुना होता, हे मला तुझ्या शिरीषरावांनी स्मशानातून परतताना सांगितलं. "तिनं कोणालाच कळवू दिलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला तर मुळीच नको म्हणायची. म्हणायची, तो लगेच तोंड पाडून बसेल आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागेल." ते हे सांगताना थोडे हसले. तुझ्या नवऱ्याला वाटलं ही गंमत आहे. होतीच. मी रुमाल तोंडावर धरून चालत राहिलो.

त्याच वाटेत शिरीषरावांनी अजून एक विचारलं. "ती खरंच चांगली लिहायची का हो मराठीत? आम्हाला कधी दाखवलं नाही तिनं काही." मी त्यांना म्हणालो, मी जे काही लिहितो ते तिनं शिकवलेलं आहे. त्यांना ते सौजन्य वाटलं.

म्हणून बातमीचा तो 'मुकली'चा मथळा काढला. तू म्हणाली होतीस, वाया गेले नाही. तू म्हणालीस तसं छापायचं, हे ठरलेलं होतं. एकदा तरी मी तुझं ऐकलं, आणि त्या समाधानात आठ-दहा दिवस काढले.

रविवारी आत्याकडं गेलो. आता ती थकली आहे, हातगाडी सून चालवते. ओसरीत खाटेवर बसली होती. मी सांगितलं, आत्या, माझ्याबरोबर एक मुलगी आली होती बघ मागं, तुझी भजी खाऊन गेली, ती वारली. मला वाटलं तिला आठवणार नाही.

"ती वऱ्हाडाकडची?" आत्या लगेच म्हणाली. "वाकून पाया पडलेली? आरं आरं आरं!" तिनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "त्या पोरीला मी खोटं सांगितलं व्हतं रं."

मी विचारलं, काय खोटं?

"खुशीनं सही केली म्हनलं. कसली खुशी? घरी येऊन ती साडी मी पेटीच्या तळाला टाकली, कदी नेसले न्हाय. मामाच्या औषधाला पैका नव्हता तवा. वाटा मिळाला असता तर..." ती थांबली. "तिनं लई मायेनं इचारलं व्हतं. तोंडापत्तुर आलं व्हतं माज्या."

"मग बोलली का नाहीस, आत्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं नवल होतं.

"तू म्होरं बसला व्हतास की, बाळा. भावाचं पोरगं म्होरं बसल्याव बाईनं काय बोलावं? आणि तुजं तोंड असं उतरल्यालं. ती एकली आली असती तर बोलले असते."

मी खडकवासल्याहून निघालो. चौपाटीवर रविवारची गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. पहिला विचार मनात आला तो असा, की तुला फोन करावा. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात मी बरोबर होतो, प्रणिता. आत्या खोटं बोलत होती. मी जिंकलो. खिशातला फोन काढला, तुझं नाव काढलं, आणि मग आठवलं. गाडी कडेला घेतली.

तिथं बसल्या बसल्या दुसरा विचार आला. तो आल्यापासून मला काही सुचत नाही. मी हरलो असतो तर किती बरं झालं असतं. आत्या खरं बोलली असती, तर तूही खरंच बोललीस असं धरून मी चाललो असतो. सुखात आहे, काम आवडतं, एसी लागतो. आता ते मला धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. तू आता काहीच सांगणार नाहीस.

कॅन्टीनमधल्या त्या टेबलापाशी तुझ्यासमोर कोण बसलं होतं, ते मला माहीत आहे. तुझ्याच खुर्चीत बसून मोठा झालेला माणूस, तोंड पाडून.